लोटाभर पाणी आणि पोटाचा तिसरा हिस्सा

‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. उपवासाच्या नावाने साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, वर केळी असा बेत झाला की घरातलेच कोणीतरी हसत हसत ती म्हणते. आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये दर रमजानला ही म्हण थोडी बदलून माझ्या वाट्याला येते. ‘मॅडम, दिवसभर रोजा आणि रात्रभर बिर्याणी?’ विचारणाऱ्यांच्या मनात अढी नसते, थट्टा असते. पण प्रश्न रास्त आहे. रमजानच्या पानावर त्याचे उत्तर द्यायला हरकत नसावी.

रोजा म्हणजे पहाटेच्या सहरीपासून सूर्यास्तापर्यंत अन्न-पाणी वर्ज्य. साध्या हिशोबाने या महिन्यात घरचा किराणा कमी लागायला हवा. दुपारचे जेवण नाही, सकाळचा नाश्ता नाही, मधले दोन चहा नाहीत. प्रत्यक्षात आमच्या मोहल्ल्यातल्या कोणत्याही किराणा दुकानदाराला विचारा. बेसन, मैदा, तेल आणि साखर कोणत्या महिन्यात जास्त खपते, हे तो वही न उघडता सांगेल. उपाशी राहण्याच्या महिन्यात खर्च वाढतो, कचरा वाढतो आणि पाण्याचा वापरही वाढतो. ज्या महिन्याने माणसाला कमीत राहायला शिकवायचे, त्याच महिन्यात आपण जास्त वापरू लागलो आहोत. हा विरोधाभास दूर कसा करायचा, याचा विचार आज मांडते आहे.

इसराफ : एक जुना शब्द

उर्दूत ‘इसराफ’ असा एक शब्द आहे. मूळ अरबी. मराठीत त्याला उधळपट्टी म्हणता येईल, पण अर्थ पुरता येत नाही. उधळपट्टीत पैसा डोळ्यांपुढे येतो. इसराफमध्ये पैसा, अन्न, पाणी, वेळ, सगळेच येते. एखादी गोष्ट हलाल आहे, आपल्या कमाईची आहे, तरीही ती गरजेपेक्षा जास्त वापरली तर तो इसराफ. म्हणजे ‘माझे पैसे आहेत, मी काहीही करीन’ ही सबब येथे चालत नाही.

कुरआनच्या ‘अल-आराफ’ या सूरहमधल्या एकतिसाव्या आयतीत खाण्या-पिण्याची मोकळीक दिली आहे आणि त्याच वेळी हद्द ओलांडू नका, अशी ताकीदही दिली आहे. हद्द ओलांडणारे अल्लाहला आवडत नाहीत, असा त्या आयतीचा आशय आहे. लक्षात घ्या, येथे खाण्याला मनाई नाही. चांगले कपडे, चांगले अन्न यांना इस्लामने कधी पाप ठरवले नाही. संसार सोडून जंगलात जा, असेही सांगितले नाही. सांगितली आहे ती हद्द.

ही हद्द किती, याचेही माप दिलेले आहे. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांची एक हदीस तिरमिजी यांच्या संग्रहात आहे. माणसाला पाठ ताठ राहण्यापुरते चार घास पुरेत. त्याहून जास्त हवेच असेल तर पोटाचा एक हिस्सा अन्नासाठी, एक पाण्यासाठी आणि एक श्वासासाठी ठेवावा, असा तिचा भावार्थ. पोटाचा तिसरा हिस्सा रिकामा ठेवायचा, तोही रोज. रमजान हा या रोजच्या सवयीचा सराव करण्याचा महिना आहे. आपण मात्र सूर्यास्तानंतर दिवसभराची वसुली करायला बसतो.

प्रेषितांच्या इफ्तारची यादीसुद्धा हदीसमध्ये आली आहे, आणि ती फार छोटी आहे. ताजे खजूर असतील तर ते, नसतील तर सुके खजूर, तेही नसतील तर पाण्याचे काही घोट. बस्स. भजी, समोसे, फ्रूट चाट, दोन प्रकारची शरबते, दहीवडे, हलीम आणि त्यानंतर जेवण, ही यादी आपण तयार केली आहे. आवडीची आहे, चविष्ट आहे, पण तिला सुन्नत म्हणता येणार नाही.

टाकलेल्या भाताची किंमत

ताटात उरलेले अन्न ही केवळ घरची बाब राहिलेली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली अन्नाच्या नासाडीवर अहवाल प्रसिद्ध केला. त्यातल्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. दुकाने, हॉटेले आणि घरे यांच्यापर्यंत पोहोचलेल्या अन्नापैकी जवळपास १९ टक्के. आपल्याला वाटते की नासाडी हॉटेलात आणि लग्नात होते. अहवाल सांगतो की यातला सुमारे ६० टक्के वाटा घरांचा आहे. भारतात घरगुती नासाडीचा अंदाज दरवर्षी माणशी ५५ किलो आहे.

हे अन्न कचरा डेपोवर ढिगाखाली दबून कुजते. हवा मिळत नसल्याने त्यातून मिथेन वायू निघतो. शंभर वर्षांच्या हिशोबाने मिथेनची पृथ्वी तापवण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस पटींहून अधिक धरतात. शिवाय जे अन्न टाकले, ते पिकवायला लागलेले पाणी, खत, डिझेल आणि शेतकऱ्याचे श्रम हे सगळे त्याबरोबर टाकले जाते. एक किलो तांदूळ तयार व्हायला जागतिक सरासरीने सुमारे अडीच हजार लिटर पाणी लागते. म्हणजे इफ्तार पार्टीनंतर अर्धा किलो तांदळाची बिर्याणी पिशवीत भरून उकिरड्यावर गेली, तर बाराशे-साडेबाराशे लिटर पाणी गेले. मराठवाड्यातल्या एका कुटुंबाला तेवढे पाणी उन्हाळ्यात कित्येक दिवस पुरवून वापरावे लागते.

घास खाली पडला तर तो उचलून, स्वच्छ करून खावा, ताट पुसून खावे, अशी शिकवण हदीसमध्ये आहे. आमच्या लहानपणी घरातल्या वडीलधाऱ्या बायका ती पोरांकडून पाळून घेत. ताटात एक दाणा दिसला तरी ‘रिज्क की बेअदबी’ असे शब्द कानावर येत. रिज्क म्हणजे अल्लाहने दिलेली भाकरी. हिंदू शेजारणीच्या घरी पोरांना अन्न टाकल्याबद्दल अन्नपूर्णेचे नाव घेऊन रागावत. शब्द वेगळे, धाक एकच.

वजूचे पाणी

नमाजपूर्वी हात, तोंड आणि पाय धुऊन मुखमार्जन करण्याच्या विधीला वजू म्हणतात. दिवसातून पाच वेळा नमाज आणि रमजानमध्ये रात्री तरावीह. मशिदीत गर्दी याच महिन्यात जास्त, म्हणून पाणीही जास्त.

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही प्रमाण संग्रहांत नोंद आहे की प्रेषित (स.) एक ‘मुद’ पाण्यात वजू करत. मुद हे जुने माप. अभ्यासकांच्या हिशोबात थोडा फरक पडतो, पण ते पाऊण ते एक लिटरच्या आसपास येते. थोडक्यात, लोटाभर पाणी. वाहत्या नदीकाठी बसला असाल तरी वजूत पाणी वाया घालवू नका, अशा आशयाची हदीसही इब्न माजा यांच्या संग्रहात आहे. नदीचे पाणी तर वाहूनच जाणार, मग जपायचे कशाला, असा प्रश्न पडेल. उत्तर असे की येथे प्रश्न पाण्याच्या साठ्याचा नसून माणसाच्या सवयीचा आहे.

आता आपल्या मशिदीतल्या नळाखाली बादली धरून पाहा. नळ पुरता उघडला तर मिनिटाला सहा-सात लिटर पाणी सहज पडते. वजूला मिनिट-दीड मिनिट लागते आणि डोक्यावरून ओला हात फिरवताना, बाही सावरताना नळ चालूच असतो. एका वजूला सात-आठ लिटर जातात. समजा एखाद्या मशिदीत पाचही वेळ मिळून दिवसाला ५०० वजू होतात आणि प्रत्येकात सहा लिटर वाचवता येतात. दिवसाचे तीन हजार लिटर. महिन्याचे ९० हजार, म्हणजे दहा हजार लिटरचे नऊ टँकर. हे एका मशिदीचे झाले.

टँकर हा शब्द मी उगाच वापरलेला नाही. मराठवाड्याला पाण्याचा हिशोब दुष्काळाने शिकवला आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. त्याआधी मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदी लागू झाली होती. त्याच वर्षी ७ जूनला रमजानचा पहिला रोजा होता. कोरड्या नळांच्या शहरात, जूनच्या उकाड्यात, चौदा तासांचे रोजे. चांद्रवर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असल्याने रमजान ऋतूंमधून फिरत राहतो आणि सुमारे ३३ वर्षांनी पुन्हा त्याच जागी येतो. आज तो थंडीकडे सरकला असला तरी उन्हाळ्यात परत येणार आहे. तेव्हा भूगर्भात पाणी किती असेल, ते आपल्या आजच्या सवयींवर ठरेल.

उपाय अवघड नाहीत. नळाचा प्रवाह बारीक करणारी जाळी थोड्या पैशांत मिळते. जुन्या पद्धतीने तोटीचे लोटे ठेवता येतात. वजूचे वापरलेले पाणी साबणाचे नसते. हनफी फिकहनुसार ते पाक असते, फक्त त्याने पुन्हा वजू करता येत नाही. मग ते गटारात सोडण्याऐवजी मशिदीच्या झाडांना द्यावे, स्वच्छतागृहात वापरावे किंवा शोषखड्ड्यात सोडून बोअरला परत द्यावे. पाणी नसेल तर मातीवर हात मारून तयम्मुम करण्याची सवलत शरियतनेच दिली आहे. जो धर्म पाण्याअभावी विधी बदलू देतो, त्याला पाण्याची किंमत कळत नव्हती असे कोण म्हणेल?

जकार्ताच्या इस्तिकलाल या भव्य मशिदीने पाणी-विजेची बचत करणारी व्यवस्था बसवली आणि २०२२ मध्ये त्याबद्दल तिला आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. पण आपल्याला इतके दूर जायची गरज नाही. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की अनेकांनी सहलीत पाहिली असेल. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकी वसवली, तेव्हा डोंगरातले झिरपे गोळा करून मातीच्या नळांतून, केवळ उताराच्या जोरावर शहरात पाणी खेळवले. तीच नहर-ए-अंबरी. पुढे बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळ अशाच भूमिगत नळाने आणलेल्या पाण्यावर चक्की फिरू लागली आणि फकीर, विद्यार्थी व वाटसरूंसाठी पीठ दळले जाऊ लागले. ना कोळसा, ना डिझेल. पडणारे पाणी जाते फिरवून हौजात जाई आणि हौजाखालच्या दालनात गारवा राही. एका थेंबाकडून तीन कामे करून घेणाऱ्या त्याच शहरात गेली कित्येक वर्षे नळाला रोज पाणी येत नाही. वारसा फक्त तिकीट काढून बघायचा नसतो, वापरायचाही असतो.

पत्रावळी, प्लेट आणि नाला

इफ्तारच्या दस्तरखानवर आज सर्वांत जास्त काय दिसते? चकचकीत कागदी प्लेट, चहाचा कप, पाण्याची छोटी बाटली, शरबतचा ग्लास. महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. केंद्र सरकारने १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या ताटल्या, पेले आणि चमच्यांसह अनेक वस्तूंवर बंदी घातली. थर्माकोल मागे हटले आणि आतून प्लास्टिकचा पातळ थर असलेले कागदी कप-प्लेट पुढे आले. ते ना धड कागद म्हणून रद्दीत जातात, ना मातीत कुजतात.

पुन्हा हिशोब करू. दीडशे माणसांची रोजची इफ्तार, प्रत्येकाला एक प्लेट, एक कप, एक ग्लास. दिवसाला ४५० वस्तू, ३० दिवसांत साडेतेरा हजार. त्यांचा वापर पंधरा मिनिटांचा. मगरिबची नमाज होईपर्यंत त्या कचऱ्यात जमा होतात, आणि पहिल्या पावसात त्यांतल्या किती मोहल्ल्याच्या नाल्यात अडकल्या, ते नाल्याकाठच्या घरांना कळते. ती घरे बहुधा आपल्याच गरीब भावांची असतात. कचरा उपसायला जो सफाई कामगार गुडघाभर पाण्यात उतरतो, त्याने ती इफ्तार केलेली नसते.

पर्याय आपल्याकडे होते. पळसाच्या पानांची पत्रावळ आणि द्रोण मराठवाडा-विदर्भात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. मोठ्या थाळाभोवती चौघांनी बसून खाण्याची रीत मुस्लिम घरांत आजही आहे. एकाचे जेवण दोघांना आणि दोघांचे चौघांना पुरते, अशी हदीस आहे. एका थाळात जेवले की तिची प्रचिती येते, कारण सोबत खाताना माणूस समोरच्यासाठी हात आखडता घेतो. आणि संत गाडगेबाबांचे नाव ज्या गाडग्यावरून पडले, तेच त्यांचे ताट होते. त्यांच्याइतका साधेपणा आपल्याला झेपणार नाही. पण घरून आपला पेला आणि बाटली नेणे कोणालाही झेपेल.

भांडी कोण घासणार?

येथे एक खरी अडचण आहे आणि ती टाळून पुढे जाणे बरोबर होणार नाही. ‘प्लास्टिक नको, स्टीलची ताटे वापरा’ असे मंचावरून सांगणे सोपे आहे. ती ताटे घासायची कोणी? साधेपणाच्या बहुतेक भाषणांत हा प्रश्न येत नाही, कारण भाषण करणारे पुरुष असतात आणि भांडी घासणाऱ्या बायका घरी असतात.

रमजानमधला बाईचा दिवस पाहा. पहाटे साडेतीनला उठून सहरी. मग मुलांच्या शाळा, नोकरी असेल तर नोकरी. दुपारी जुहरच्या नमाजनंतर थोडे टेकावे म्हटले तर इफ्तारची तयारी. उपाशीपोटी, पाणी न पिता, ती कढईपुढे उभी राहते. भजी गरमच हवीत, म्हणून अजान होईपर्यंत तळण चालू. घरातले सगळे खजूर हातात धरून दुआ मागत असतात, तेव्हा तिच्या हातात झारा असतो. रोजा सोडण्याआधीची ती वेळ दुआ कबूल होण्याची मानली जाते. ती नेमकी तिच्या वाट्याला येत नाही. इफ्तार झाले की भांडी, मग जेवण, पुन्हा भांडी. पुरुष तरावीहला जातात. ती दमून भिंतीला टेकते.

म्हणून मला वाटते की दस्तरखानवरचे चार पदार्थ कमी करणे ही आधी बाईसाठी करायची गोष्ट आहे आणि मग पर्यावरणासाठी. खजूर, एक फळ, एक शरबत आणि त्यानंतर रोजचे साधे जेवण. एवढ्याने तेल वाचते, गॅस वाचतो, उरलेले फेकावे लागत नाही. आणि तिला अस्रनंतरचा एक तास मिळतो. तो तिने तिलावतीत घालवावा की झोपेत, ते तिचे तिने ठरवावे.

मशिदीतल्या ताटांचेही तसेच. ती वापरायची असतील तर घासण्याचे काम पाळीने तरुण मुलांनी करावे. याला खिदमत म्हणतात आणि तिचा सवाब मोठा. शीख गुरुद्वाऱ्यांत लंगरची भांडी घासायला मोठमोठी माणसे रांगेत उभी राहतात. त्यात कोणाची इज्जत कमी होत नाही. पाण्याची टंचाई असेल तर ताटे आधी पुसून, मग तीन घमेल्यांत ओळीने विसळावीत, वाहत्या नळाखाली धरू नयेत. पाणी फारच कमी असेल तर स्टीलपेक्षा पत्रावळ बरी. एकच नियम सगळीकडे लागू होत नाही. आपल्या गावात काय दुर्मीळ आहे ते पाहून ठरवावे.

ज्यांच्याकडे आधीच कमी आहे

वर्गात हा विषय निघाला, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने विचारले, ‘मॅडम, आमच्याकडे तर सगळे कमीच आहे. आम्ही अजून काय कमी करायचे?’ तिचे वडील रोजंदारीवर जातात. वर्ग गप्प झाला. तिचा प्रश्न योग्य होता.

साधेपणा आणि गरिबी यांत फरक आहे. जे हातात असूनही आपण सोडतो तो साधेपणा, जे हातातच नाही ती गरिबी. पहिल्याला उर्दूत ‘कनाअत’ म्हणतात, जैन परंपरेत ‘अपरिग्रह’. दुसरीला कोणत्याही धर्माने सद्गुण म्हटलेले नाही. ती दूर करण्यासाठीच जकात आहे. तिच्या आईने वर्षातून एकदा चार पदार्थ करून शेजारी ताट पाठवले, तर त्याला इसराफ म्हणण्याचा अधिकार मला नाही. कमी वापरा हे सांगणे ज्यांच्या घरी दोन फ्रीज, तीन गाड्या आणि कपड्यांनी न मिटणारी कपाटे आहेत, त्यांच्यासाठी आहे. माझ्यासारख्या पगारदारांसाठी आहे. आणि हजार माणसांची इफ्तार पार्टी देऊन फोटो काढणाऱ्यांसाठी तर आहेच.

त्या मुलीला मी एवढेच म्हणाले, की तुमच्या घरात जे नाइलाजाने चालते त्यातले काही हुन्नर बाकीच्यांनी शिकायला हवे. शिळ्या पोळीचा मलिदा, जुन्या साड्यांची गोधडी, फाटक्या कपड्याला रफू. ती हसली. तिचे समाधान झाले की नाही, सांगता येत नाही. पण साधेपणावर बोलताना तिचा प्रश्न समोर ठेवावा, असे मला तेव्हापासून वाटते.

ईदचा नवा जोडा

शेवटच्या दहा रात्री इबादतीसाठी सर्वांत मोलाच्या. त्यांतच लैलतुल कद्र शोधायची असते. आणि नेमक्या त्याच रात्री बाजार फुललेले असतात. ईदला नवे कपडे घेणे फर्ज आहे, असा समज पसरला आहे. आलिम सांगतात की आपल्याकडे असलेल्यांपैकी चांगले, स्वच्छ कपडे घालून ईदगाहला जावे. नवेच हवेत, असे बंधन नाही.

एक सुती टी-शर्ट तयार व्हायला सुमारे २,७०० लिटर पाणी लागते, असा प्रचलित अंदाज आहे. कापूस आपल्याच विदर्भ-मराठवाड्याच्या शेतात पिकतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे महाराष्ट्राला सांगायला नको. मुलांना ईदचा एक जोड जरूर घ्या. ईद आहे, आनंद हवा. पण घरातल्या प्रत्येकाला तीन-तीन आणि दिवाळीत, ईदमध्ये, लग्नात पुन्हा पुन्हा, हे थांबवता येईल. प्रेषित (स.) स्वतःची चप्पल स्वतः सांधत आणि कपड्याला टाका घालत, असे हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितले आहे. एकेकाळी आपल्या शहरांत रफूगरांच्या गल्ल्या असत. त्यांचा हात इतका सफाईदार, की फाटले कुठे होते ते शोधून सापडत नसे. आज रफूगर शोधून सापडत नाही.

फितऱ्याचे माप

ईदच्या नमाजपूर्वी प्रत्येक सधन मुस्लिमाने घरातल्या माणशी फितरा द्यायचा असतो. हनफी हिशोबाने अर्धा ‘साअ’ गहू, म्हणजे साधारण पावणेदोन ते दोन किलो, किंवा तेवढ्याची रक्कम. गरिबाच्या घरी ईदच्या दिवशी चूल पेटावी, हा हेतू. यात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. घरात आज जन्मलेले बाळ असो की कमावता बाप, माप सर्वांना एकच. कोण किती मोठा, यावर ते ठरत नाही. माणसाच्या गरजेचा हिशोब धान्याच्या मापाने करायला शिकवणारी ही रीत आहे.

यंदा त्या मापाला एक जोड देता येईल. महिनाभर दस्तरखानवरून जे पदार्थ कमी केले, जी बाटली विकत घेतली नाही, जो तिसरा जोड टाळला, त्याची रक्कम एका डब्यात टाकत जावी. ईदच्या आदल्या दिवशी डबा उघडावा आणि ती रक्कम फितऱ्यासोबत द्यावी. जकात आणि फितऱ्याच्या बदली म्हणून देऊ नये, त्याहून वेगळी द्यावी. मग आपण वाचवलेले अन्न नुसते आपल्या ताटातून कमी झाले असे होणार नाही, ते दुसऱ्याच्या ताटात पोहोचेल. मशिदीच्या कमिटीने त्यातून नळाच्या जाळ्या बसवल्या किंवा शोषखड्डा खणला, तर ती सदका-ए-जारिया, म्हणजे माणूस गेल्यावरही चालू राहणारे दान.

आणि हे फक्त मुस्लिमांनी करावे, असे अजिबात नाही. श्रावण येतो, पर्युषण येते, ख्रिस्ती बांधवांचा लेंटचा काळ येतो. प्रत्येक धर्माने वर्षातले काही दिवस कमीत राहण्यासाठी राखून ठेवले आहेत. त्या दिवसांत आपण एकमेकांच्या घरी फराळ आणि शीरखुर्मा पाठवतोच. यापुढे ताट पाठवताना ते स्टीलचे पाठवू या. शेजारी ते रिकामे परत करणार नाही, ही आपल्याकडची जुनी रीत आहे.

सर्व वाचकांना रमजान मुबारक.